पाटाचं पेडल

बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोरीवर, दोन टॉवेलांच्या मधोमध, एक लाकडी डबी तारेच्या आकड्याला लटकते आहे. तळहातावर मावेल एवढी. वरच्या अंगाला चार भोकं: एक मोठं, दोन मध्यम आणि एक अगदी बारीक. वारा आला की ती अर्धी गिरकी घेते, थांबते, पुन्हा उलटी फिरते. श्रावण चालू आहे. मधेच ऊन पडतं तेव्हा तिची एक कड अशी चमकते की समोरच्या इमारतीतून दिसावी.

दिसलीच. समोरचे आजोबा दोन दिवस नुसतं बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिथूनच हाक मारली, "चिमण्यांसाठी का हो? भोक फार लहान ठेवलंत!"

पुण्यात आता बऱ्याच बाल्कन्यांत चिमण्यांची लाकडी घरटी टांगलेली असतात, त्यामुळे विचारणं रास्तच होतं. डबी करणाऱ्यानं मोठ्यानं उत्तर दिलं, "नाही आजोबा, गिटारचं पेडल आहे. पॉलिश वाळतंय." आजोबांनी मान हलवली, पण डबीवरची नजर काही काढली नाही. वाळत घातलेल्या वस्तूकडे माणसं थोडा वेळ जास्तच बघतात. कुरडया असोत, पापड असोत, गणपतीच्या दिवसांत कारखान्यांतून रांगेनं मांडलेल्या मूर्ती असोत. काहीतरी होऊ घातलं आहे आणि त्याला आता फक्त वेळ हवा आहे, एवढं लांबूनही कळतं.

गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मधे ही डबी वायरीनं जोडायची. मोठ्या भोकात पायानं दाबायचा खटका, मधल्या दोन भोकांत दोन नॉब, बारीक भोकात लाल दिवा. खटका दाबला की सूर सरळ न जाता डबीतून वळसा घेतो, आणि बाहेर पडतो तो घसा बसल्यासारखा, खरखरीत, लांबलेला. या प्रकाराला फझ म्हणतात. १९६६ साली लंडनमध्ये आयव्हर आर्बिटर यांच्या कंपनीनं फझ फेस नावाचं गोल पेडल बाजारात आणलं. मायक्रोफोनच्या स्टँडचा गोल पाया बघून त्याचा आकार सुचला असं सांगतात. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली ते जगभर पोचलं, आणि आतलं सर्किट इतकं साधं की आजही हौशी माणसं घरोघरी ते नव्यानं जुळवतात. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पोटेन्शिओमीटर. आमटीच्या वाटीत मावेल एवढा ऐवज.

पुण्यात हा ऐवज पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत मिळतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर. मागच्या पिढीतली माणसं ज्या रेडिओला नुसतं 'ट्रान्झिस्टर' म्हणायची, त्याच्या पोटात एसी १२८ नावाचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असायचे. फझ करणारे आज तेच शोधत असतात. जर्मेनियम मोठं हळवं. मे महिन्यातल्या दुपारी त्याचा आवाज एक, डिसेंबरातल्या रात्री दुसरा. तरी जोडकाम तसं सरळ. कथील वितळलं, तारा चिकटल्या, नऊ व्होल्टची बॅटरी लावली, की आवाज येतो नाहीतर येत नाही. आला नाही तर मल्टिमीटर घेऊन बसायचं. कुठलं तरी टोक सुटलेलं असतं, ते जोडलं की येतो. डबी करणाऱ्यानं दोन संध्याकाळींत हे सगळं उरकलं.

पेटीला मात्र अख्खा पावसाळा लागला.

खरं तर पेटी विकत मिळते. कॅनडातल्या हॅमंड कंपनीच्या ओतीव अॅल्युमिनियमच्या डब्या या छंदात घरोघरच्या झाल्या आहेत. १५९०बी, १५९०बीबी हे त्यांचे क्रमांक हौशी लोकांना तोंडपाठ असतात. १५९०बी म्हणजे साधारण ११२ मिलिमीटर लांब, ६० रुंद आणि ३१ उंच. त्यावर नाचलं तरी ती वाकत नाही. शिवाय ती न दिसणारं एक कामही करते. भिंतीतल्या वायरिंगमधून वाहणारी पन्नास हर्ट्‌झची वीज खोलीभर सूक्ष्म गुणगुण पसरवत असते. फझचं सर्किट लहानशा सुराला शेकडो पटींनी मोठं करतं, त्याबरोबर ही गुणगुणही मोठी होते. धातूची डबी तिला बाहेरच थोपवते. मायकेल फॅरेडे यांनी १८३६ मध्ये पिंजरा उभारून हेच दाखवलं होतं. लाकूड काहीच थोपवत नाही. लाकडाच्या डबीत फझ बसवणं म्हणजे लक्ष्मी रोडवरची खिडकी सताड उघडी टाकून तंबोरा लावायला बसणं.

लाकडाचा मोह मात्र जुना आहे. १९६५ मध्ये लंडनच्या गॅरी हर्स्ट यांनी टोन बेंडर हे फझ केलं, त्यातल्या अगदी सुरुवातीच्या काही नगांची पेटी लाकडीच होती. पत्र्याची नंतर आली. हाताशी काय आहे आणि हाताला काय जमतं, यावरून पहिल्या वस्तूचं शरीर ठरतं. सोय मागाहून येते.

त्याच्या हाताशी पाट होता. आजीचा, शिसवी, कडेला पितळेच्या फुल्या मारलेला. असे चार होते, त्यांतले तीन अजून सणावाराला निघतात. चौथ्याला मधोमध चीर गेली, एक पाय निखळला आणि तो माळ्यावर गेला तो पंधरा वर्षं तिथेच राहिला. खाली काढला तेव्हा काळा पडला होता. ओल्या फडक्यानं पुसल्यावरही काळाच. मग ओळखीच्या सुतारानं त्याची जाडी मधून चिरली आणि दोन फळ्या पुस्तकासारख्या उघडून समोर धरल्या. आत जांभळट तपकिरी रंग होता, त्यात काळ्या रेषा नदीच्या नकाशासारख्या पसरलेल्या, आणि हलकासा गोड वास. इतकी वर्षं माणसं त्यावर बसून जेवली आणि हा रंग कुणीच पाहिला नव्हता.

योगायोग असा की त्याच्या गिटारच्या गळ्यावर जिथे बोटं टेकतात ती पट्टीही शिसवीची आहे. ब्राझीलची शिसव मिळेनाशी झाली तेव्हा, १९६९ मध्ये, अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं आपल्या गिटारींसाठी भारतीय शिसव घेतली, आणि दक्षिणेतल्या जंगलांतलं हे लाकूड जगाच्या वाद्यांत शिरलं. पुढे शिसवीची तोड एवढी वाढली की २०१७ पासून तिच्या सगळ्या जातभाईंच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ मध्ये. आज नवी शिसव सहज मिळत नाही, आणि हे योग्यच आहे. मोडका पाट, पडलेल्या वाड्याची तुळई, जुन्या बाजारात विकायला आलेलं कपाटाचं दार, इथूनच ती यावी. त्यामुळे पाट कापताना करवत जरा जपून चालली. भुसासुद्धा त्यानं एका बरणीत भरून ठेवला, सांध्यातल्या फटी बुजवायला. हा भुसा नाकात गेला की शिंका थांबत नाहीत, काहींच्या कातडीला खाज सुटते. तोंडाला मास्क बांधूनच हे काम करायचं.

चार बाजूंच्या फळ्या फेविकॉलनं जोडल्या, सुतळीनं आवळून रात्रभर ठेवल्या. वरच्या फळीचा मात्र पेच पडला. नॉबच्या आट्या जेमतेम सहा-सात मिलिमीटर लांब असतात. फळी त्याहून जाड असेल तर वरून नट लागतच नाही. मग आतून पटाशीनं कोरत कोरत ती चार मिलिमीटरवर आणायची. चार मिलिमीटर लाकडावर माणसाचा पाय पडला तर ते रेषेत तडकणार. म्हणून आतून अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवला. पाय पडेल तो पत्र्यावर, दिसेल ते लाकूड. मग आतल्या चारही भिंतींना तांब्याची चिकटपट्टी, कोपऱ्यांत एकीवर एक चढवलेली, सांध्यांवर कथलाचे थेंब, आणि सगळ्याची गाठ अर्थच्या वायरीशी. पेटी उघडून आत पाहिलं की घासलेल्या गडूत बघितल्यासारखं वाटतं.

भोकं पाडताना लाकूड खालून फुटतं, म्हणून खाली दुसरी फळी दाबून धरायची. खटक्याला बारा मिलिमीटर, नॉबला सात, दिव्याला पाच. ड्रिल शिसवीत शिरताना सागवानासारखं सरसर जात नाही, कुरकुरतं, तापतं, आणि वास आणखी गडद होतो. पहिलं भोक पडलं तेव्हा त्यानं ड्रिल बंद केलं आणि थोडा वेळ नुसता बसून राहिला. इथून मागे जाता येत नव्हतं. पाट आता पाट राहिला नव्हता.

त्यानंतर घासणं. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, २४०, ३२०. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे पुसतो आणि स्वतःचे बारीक ओरखडे मागे ठेवतो. रेषेच्या दिशेनंच घासायचं. आडवा हात गेला की ती खूण आत्ता दिसत नाही, पॉलिशचा पहिला हात बसला की दिसते, आणि मग सगळं परत पहिल्यापासून. शिसवीची छिद्रं उघडी असतात, उजेडात तिरकं धरलं तर सुईनं टोचल्यासारख्या बारीक चिरा दिसतात. त्या भरल्याशिवाय वरचा थर आरशासारखा बसत नाही. शिवाय या लाकडात तेल आहे. काही आधुनिक क्लिअर कोट त्याच्यावर दिवसेंदिवस चिकटच राहतात. पॉलिशवाले यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय सांगतात: आधी चपड्याचा हात मार.

चपडा म्हणजे लाखेच्या पातळ, मधाच्या रंगाच्या खपल्या. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक अगदी लहान किडा स्वतःभोवती राळेचं कवच बांधतो. झारखंडात आणि आसपास ते खरवडून, धुऊन, वितळवून, ताणून पत्र्यासारखं पातळ करतात आणि मोडतात, तो चपडा. स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवला की विरघळतो. कापसाचा बोळा मलमलच्या फडक्यात गुंडाळायचा, त्यात हे पाणी घ्यायचं आणि लाकडावर न थांबता फिरवायचं. थांबलं तर बोळा चिकटतो आणि डाग उठतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या भोपळ्यावर आणि तून लाकडाच्या दांडीवर हाच हात फिरत आला आहे. तिथले मूळ कारागीर शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींची गरज सरत गेली आणि तीच घराणी तंतुवाद्यांकडे वळली. पंढरपूर भागातले भोपळे, दुरून येणारं तून लाकूड, त्याहून दुरून येणारी लाख. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा एका गावाचं नाव लागलं, पण त्या चकाकीत कितीतरी गावांची झाडं आहेत.

ही लाख आणि सूर यांचं नातं वरच्या थरापुरतंच नाही. ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या चपड्याच्याच असायच्या. त्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून गरम साच्यात दाबलेल्या. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांचा आवाज आज ऐकू येतो तो अशा तबकड्यांमुळे. म्हणजे समोर मांडीवर घेतलेल्या तंबोऱ्यावर लाख, आणि त्या तंबोऱ्याच्या साथीनं गायलेलं गाणं कोरलेलं तेही लाखेत. बोळा फिरवताना हे त्याच्या मनात येऊन गेलं आणि हात क्षणभर थांबला. तिथे लगेच डाग उठला. तो घासून काढायला अर्धा तास गेला.

चपड्याचा पहिला हात बसताना जे होतं ते दर वेळी नवं वाटतं. घासून पांढुरकं झालेलं लाकूड बोळ्याच्या मागे मागे ओलं होत जातं आणि त्याला एकदम खोली येते. रंग गडद होतो हे तर झालंच, पण त्याहून जास्त काहीतरी घडतं. घासलेल्या लाकडाच्या फटींत हवा असते, उजेड तिच्यावर आदळून चहूकडे विखुरतो. पॉलिश त्या फटी भरतं, उजेड आतपर्यंत जातो आणि रेषांवरून परत येतो. डबी जरा कलती केली की रेषा जागच्या जागी हलल्यासारख्या दिसतात, पाण्याच्या तळाशी असल्यासारख्या.

त्यावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लॅकर. त्याचा पूर्वज आपल्याकडे रोजच्या बोलण्यात आहे. कुठल्याही गॅरेजमध्ये रंगकामाला 'ड्युको मारायचा' म्हणतात. ड्युको हे अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज रंगाचं नाव, १९२० च्या दशकातलं. त्याआधी एक मोटार रंगवून वाळायला आठवडेच्या आठवडे जायचे, ड्युकोनं ते काम तासांवर आणलं. पुढे फेंडर कंपनीनं आपल्या गिटारींना हेच मोटारींचे रंग दिले. त्यांचा प्रसिद्ध फिएस्टा रेड १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डचा आहे. त्या गिटारी जुन्या झाल्या की त्यांचं लॅकर पिवळं पडतं, त्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा जातात, आणि वादक त्या चिरांवर जीव टाकतात.

लॅकरचा एक गुण फार चांगला. नवा हात आधीच्या हाताला किंचित विरघळवून त्याच्यात मिसळतो. दहा हात मारले तरी शेवटी थर एकच. दुकानात मिळणारा स्प्रे कॅन वीस-पंचवीस सेंटिमीटरवर धरायचा, फवारा पेटीच्या अलीकडे सुरू करायचा, पलीकडे जाऊन थांबवायचा. जवळ गेलं तर ओघळ, लांब गेलं तर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पापुद्रा. अवगुणही एकच, पण पुण्यातल्या पावसाळ्यात तो फार मोठा. थिनर भरभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्याच्यावर बसते आणि थरात कोंडली जाते. बघता बघता काळीभोर शिसव दुधाळ होते. श्रावणात त्याच्या डबीचं हेच झालं, दोनदा. पहिल्यांदा तो हबकला. दुसऱ्यांदा त्यानं उन्हाची वाट पाहिली, वरून नुसत्या थिनरचा हलका फवारा मारला आणि दुधाळपणा धुक्यासारखा उठून गेला. तेव्हापासून तो सकाळी उठल्यावर आधी आभाळाकडे बघायचा. त्याचं दिवसाचं काम हिशेबाचं, खोलीतलं, बाराही महिने एकाच तापमानात चालणारं. आभाळ बघून काम ठरवायची सवय त्याच्या घरात आजोबांनंतर कुणाला नव्हती.

या सगळ्यात एक विसंगती त्याला स्वतःलाच जाणवत होती. सर्किट कशासाठी, तर सूर फाटावा म्हणून. आणि पेटीवर मात्र केसाएवढा ओरखडा चालत नव्हता. फझचा जन्मच बिघाडातून झाला आहे. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गाण्याच्या रेकॉर्डिंगच्या वेळी मिक्सिंग टेबलातला एक ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा सूर चिरफाळून निघाला. तो तसाच ठेवला, १९६१ मध्ये गाणं गाजलं, आणि तसाच आवाज मुद्दाम काढता यावा म्हणून ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी सर्किट जुळवलं. १९६२ मध्ये ते माएस्ट्रो फझ-टोन या नावानं विकायला आलं. १९६४ मध्ये लंडनच्या द किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसनं तर ब्लेड घेऊन अँप्लिफायरच्या स्पीकरचा कागदच चिरला. कानाला फाटलेपणात सौंदर्य सापडलं, डोळा आणि बोट अजून गुळगुळीतपणा मागतात. एकाच माणसाची दोन इंद्रियं एकाच वस्तूकडून उलट गोष्टी मागतात आणि दोन्हींचं समाधान करत तो रात्री जागवतो. यात चूक काही नाही. घासण्याच्या त्या तासांतच लाकडाशी त्याची ओळख झाली. सर्किट तर जगात लाखो ठिकाणी तेच आहे.

घरी केलेल्या वाद्यांची गोष्ट निघाली की ब्रायन मेचं नाव येतंच. १९६३ च्या ऑगस्टमध्ये त्यानं आणि त्याचे वडील हॅरल्ड यांनी गिटार करायला घेतली. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर होते. गळा जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महोगनीचा, त्याला वाळवीसारख्या किड्यानं पाडलेली भोकं आगपेटीच्या काड्यांनी बुजवलेली. कंपनाच्या दांडीचं टोक आईच्या विणकामाच्या सुईचं. स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातल्या. आणि या सगळ्या जमवाजमवीवर वरून चढवलेलं रस्टिन्सचं प्लास्टिक कोटिंग, त्या काळातला घरगुती क्लिअर कोट. दोन वर्षं लागली. तीच गिटार घेऊन तो पुढे क्वीन या बँडमध्ये पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फारुख बुलसाराशेजारी, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीशेजारी उभा राहिला, आणि अजूनही वाजवतो. मोडक्या सामानाला एकसंध वस्तू करण्याचं शेवटचं काम त्या पारदर्शक थरानं केलं. त्याखाली सगळं दिसतं आणि तरी सगळं एकाच वाद्याचं होऊन जातं.

भाद्रपद सरत आला तेव्हा एका दुपारी आईनं दोरीवरचे टॉवेल काढताना डबी हातात घेतली. अंगठ्यानं कड चाचपली.

"पितळेची फुली ठेवलीस ना रे?"

"ठेवली. मागच्या बाजूला बसवणार आहे."

"आणि हे वर भोक कसलं?"

"खटक्याचं. तिथे पाय द्यायचा."

आई काही बोलली नाही. टॉवेलाच्या घड्या झाल्यावर म्हणाली, "अरे, पाट आहे तो. त्याच्यावर पाय देणार तू?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. या घरात पुस्तकाला पाय लागला तर वाकून हात कपाळाला लावतात, तबल्याला लागला तरी लावतात. वाद्य ओलांडायचं नाही हे त्याला गिटारच्या आधी शिकवलेलं. स्टेजवर पेडलं मात्र जमिनीवर ओळीनं मांडलेली असतात, बुटांच्या टाचेखाली. त्यानं संगीत नाटकातल्या ऑर्गनची गोष्ट काढली. खाली दोन पावट्या, त्या वादकानं पायांनी हलवायच्या, तेव्हा भाता चालायचा आणि वर नाट्यगीत चालायचं. ती लाकडी पेटीही पॉलिश करून लखलखीत ठेवलेली असायची. पायांशिवाय तिच्यातून सूर निघतच नसे.

आईनं ते ऐकून घेतलं. मग खिडकीपाशी असलेल्या शिलाई मशीनकडे बघून म्हणाली, "मीही आयुष्यभर पायच मारला की हिच्यावर." आणि आत गेली. ते मशीन दर खंडेनवमीला पुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूच्या माळेखाली दिवसभर विसावतं, हे त्याला त्यानंतर आठवलं.

सर्किट जोडलं की आवाज येतो, म्हणजे काम झालं. पॉलिशला असा क्षण नाही. तीन दिवस थांबायचं, मग हजार नंबरच्या वॉटर पेपरनं पाण्याखाली घासायचं, तेव्हा सगळी चकाकी जाऊन पेटी राखाडी होते आणि पोटात धस्स होतं. मग दीड हजार, दोन हजार, मग रबिंग कंपाउंड, आणि चकाकी परत येते, पण आता ती वरवरची नसते. तरी दिव्याखाली धरलं की एखादा धुळीचा कण दिसतो, एखाद्या कोपऱ्यात पेपर पोचलेला नसतो. अजून एक हात मारावा का? मारला तर पुन्हा आठवडा. थांबावं का? सांगणारं कुणी नाही, मल्टिमीटर इथे काही दाखवत नाही. पॉलिशवाल्याला विचारलं तर तो डबी नाकाशी नेतो, वास घेतो आणि म्हणतो, "अजून ओलं आहे आत." वरून कडक वाटणाऱ्या लॅकरच्या आत थिनर आठवडेच्या आठवडे दडून राहतो. वास पूर्ण गेला की समजायचं वाळलं.

त्यानं आणखी एक हात मारला. नवरात्राच्या दुसऱ्या माळेला, आभाळ मोकळं बघून.

खंडेनवमीला शिलाई मशीनशेजारी पाटावर, धड असलेल्या तिघांपैकी एकावर, आईनं सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, कानस, पटाशी मांडली. मधे डबी ठेवली, अजून रिकामी, खटका न बसवलेली. झेंडूची दोन फुलं तिच्या भोकांत खोचली. हळद वाहिली, मग कुंकवात बोट बुडवून डबीच्या कडेवर, खटक्याच्या भोकाशेजारी टेकवलं आणि जरा दाबलं.

संध्याकाळी त्यानं कुंकू मऊ फडक्यानं पुसलं. रंग गेला. खाली लॅकरमध्ये बोटाचा ठसा राहिला होता, उथळ, अंडाकृती, दिव्याखाली कलतं धरलं तर रेषान्‌रेषा दिसाव्यात इतका स्पष्ट. कुंकवाची लाली त्या रेषांच्या तळाशी थोडीशी अडकली होती. आतून शिसवीच्या काळ्या रेषा तिरक्या जात होत्या आणि वरून या वळणावळणाच्या.

वाडग्यात पाणी घेऊन त्यानं दोन हजार नंबरच्या पेपरचा तुकडा भिजायला टाकला. पेपर मऊ व्हायला दहा मिनिटं लागतात. बाहेर कुणीतरी फटाक्यांची लड लावली, समोरच्या बाल्कनीत आजोबा दिवा लावत होते. तो डबी हातात घेऊन खिडकीशी उभा राहिला, कडेवरून अंगठा फिरवत, आणि वाडग्याकडे परत वळला तेव्हा पेपर कधीच मऊ होऊन तळाशी बसला होता.